सांडू दिलेलं पाणी

हवालदार म्हणून माझी शेवटची पोस्टिंग बर्फात होती. आमची पोस्ट कड्यावर. तिथून खालच्या पोस्टपर्यंत रोज पेट्रोल जायचं, म्हणजे गस्त. सकाळी स्टोव्हवर बर्फ वितळवायचा, बाटल्या भरायच्या, बूट, दोरी आणि रेडिओ तपासायचा, निघायचं. बाटलीभर पाण्याला किती रॉकेल जळतं हे सगळ्यांना माहीत होतं. थेंबही कुणी सांडत नसे.

सगळे एकाच दोरीला बांधून चालायचो. दोरीवर माझ्यामागे नाईक प्रदीप असायचा. तो बदलापूरचा, मी अंबरनाथचा.

"मुंबईहून येताना तुमचं स्टेशन आधी लागतं, म्हणून दोरीवर पण तुम्हीच पुढं का, दादा?" हे तो रोज विचारायचा.

त्या सकाळी नाला ओलांडताना वरचा बर्फ सरकला. दोरी ताणली गेली, मी आपटलो, आणि दोरी एकदम सैल झाली.

रेडिओवर बेसने विचारलं, "कितने सेफ?"

"एक मिसिंग. नाईक प्रदीप."

तो संध्याकाळी सापडला.

पार्थिवासोबतचा एस्कॉर्ट म्हणून मीच त्याला बदलापूरला आणलं. अंत्यसंस्कार झाले. नंतरच्या बौद्ध रीतीच्या जलदान विधीपर्यंत मला सुट्टी मिळाली. त्यानंतर परत तीच पोस्ट, तोच नाला. अंबरनाथच्या घरी मी किट भरायचो, तपासायचो आणि परत सगळं बाहेर काढायचो. जिना उतरताना कठडा सुटत नव्हता. बायको माझ्या पुढे एक पायरी चालू लागली.

सुभेदार साहेबांचा फोन आला. "मेडिकल लेना है तो बोल दो. दूसरा आदमी भेजेंगे."

"कल बताता हूँ, साब."

दुसऱ्या दिवशी जलदान होतं. प्रदीपचे वडील मारुतीकाका आनंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. पांढऱ्या कपड्यांत दाराशी उभे होते. मी मागच्या रांगेत बसायला निघालो.

"तिकडं कुठं, दिनेश? दोरीवर पुढं असायचास ना? मग इथं पण पुढंच ये."

प्रदीपने घरी तेही सांगितलं होतं.

बुद्धवंदना झाली. मग समोर ताट, ताटात वाटी ठेवली. काकांनी पाण्याचा तांब्या उचलला, काकूंनी हात लावला, काकांनी माझा हात ओढून त्यावर ठेवला. ज्यांचा हात पोचत नव्हता त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. तशी रांग दारापर्यंत गेली. माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. पेट्रोलला धुकं दाटलं की आम्ही असेच चालायचो.

पाली गाथा सुरू झाली. पाण्याची धार वाटीत पडू लागली. वाटी काठोकाठ भरली तसा मी तांब्या सरळ केला. धार थांबली.

काका हळूच म्हणाले, "काय करतोस?"

"सांडेल, काका."

"सांडू दे. भरून वाहिलं पाहिजे. ते त्याच्यासाठीच आहे."

"हात कापतोय माझा."

"माझा नाही का कापत? म्हणून तर सगळ्यांनी धरायचं असतं."

तांब्या परत कलला. पाणी वाटीवरून ताटात आणि ताटातून सतरंजीवर गेलं. गाथा संपेपर्यंत कुणी ते पुसलं नाही. मी हात काढून घेतला नाही.

बाहेर येऊन फोन लावला. "साब, दूसरा आदमी मत भेजिए. मैं आ रहा हूँ."

पोस्टवर परतल्यावर पहिलंच पेट्रोल त्या नाल्यातून होतं. दोरीची गाठ दोनदा तपासून मी नाल्यात उतरलो. पलीकडे पोचल्यावर मी दोरी थांबवली, रेडिओवर हॉल्ट कळवला आणि बाटली उघडून बर्फावर ओतू लागलो.

रेडिओवर बेसने विचारलं, "हॉल्ट क्यों?"

"प्रदीप का पानी है."

खरखरीतून उत्तर आलं, "पूरा डालो. फिर चलना."

मी बाटली रिकामी केली.