ये म्हटल्याशिवाय

किसनराव जेलातून सुटून हिंगणीत आले, त्याला दोन महिने होत आले होते, पण हा माणूस एका जागी बसलेला मी पाहिला नव्हता. पहाटे पाचला उठून अंगणात उभे राहायचे, जणू कोणी कैद्यांची मोजणी करायला येणार आहे. चहासुद्धा येरझाऱ्या घालतच. मग बोर धरणाच्या रस्त्याने तरातरा जायचे आणि अर्ध्या वाटेतूनच परत. मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. नुसतं बघून माझेच पाय दुखायचे.

अठरा वर्षं फौजेत काढलेला हा हवालदार. दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात 'सावधान', 'विश्राम' त्यांच्याच आवाजात व्हायचं. पोरं सोडा, कुंपणापाशी उभ्या म्हाताऱ्याही ताठ व्हायच्या. मग तीन वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, प्रभाकररावांशी भांडण झालं आणि किसनरावांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने त्यांचा उजवा हात मोडला. चूक किसनरावांचीच, उगाच झाकून काय ठेवायचं? दोन वितीच्या धुऱ्यापायी अडीच वर्षं जेलात गेली.

शिक्षा झाली तशी पेन्शन थांबली. फौजी दवाखान्याचं कार्डही अडकलं. त्यांच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या, साखरेच्या आजाराच्या गोळ्या त्याच कार्डावर यायच्या. बाईंनी गोळीचे दोन तुकडे करून दिवस काढले. मला संताप येतो तो याचाच. हात मोडला नवऱ्याने आणि तळपायांची आग सोसली हिने.

पेन्शन पुन्हा सुरू करायचा अर्ज मीच भरून दिला. सगळे कागद जमले, एक राहिला: पोलीस पाटलाचा चालचलणुकीचा दाखला. आणि आमच्या गावचे पोलीस पाटील कोण? प्रभाकरराव. घ्या आता!

"जाऊन मागा," मी म्हटलं. "फार तर नाही म्हणतील."

तिसऱ्या दिवशी प्रभाकररावच तणतणत माझ्याकडे आले.

"गुरुजी, त्याले सांगून ठेवा. रोज सकाळी माह्या फाटकापाशी येऊन उभा राह्यते. बोलत नाई, आत येत नाई. मले धमकावून राह्यला काय? उद्या दिसला त ठाण्यात कळवतो."

ठाण्यात कळवलं की दाखला गेला, पेन्शन गेली, गोळ्याही गेल्या. मी तसाच उठून किसनरावांकडे गेलो आणि चांगला तडकलो. "तोंडाला कुलूप घातलंय का?" ते अंगणाच्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले.

बोलल्या त्या लीलाबाई. "गुरुजी, यायले कोनी 'ये' म्हनलं नाई त पाय उचलतच नाई. आपल्या घराच्या दारातबी उभेच राह्यतात. तिथं जेलात दार दुसऱ्यानंच उघडाचं असते ना."

दोन महिने शेजारी राहून मला हे दिसलं नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधीच जाऊन प्रभाकररावांच्या ओट्यावर बसलो. किसनराव आले. फाटकापाशी थांबले, हातात कागद, टाचा जुळलेल्या. प्रभाकररावांना मी लीलाबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"माह्याच दारात नाई मंग?"

"सगळ्याच दारांत."

प्रभाकररावांनी फाटकाकडे पाहिलं. त्यांचं वाकडं मनगट मांडीवर पडलेलं होतं. "थंडीत लय दुखते हे अजून," ते म्हणाले, मला की किसनरावांना, कळलं नाही. मग आवाज चढवून म्हणाले, "ये."

किसनराव आत आले. प्रभाकररावांनी कागद घेतला, पेन डाव्या हातात धरलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'सुटून आल्यापासून गावात कोणाशी वाद नाही.' 'चालचलणूक चांगली' असं काही लिहिलं नाही. मीही आग्रह धरला नाही. त्यांनी शिक्का मारून कागद परत दिला.

किसनरावांचे ओठ हलले. "माफ" एवढंच ऐकू आलं. मग ते तसेच उभे राहिले. काम झालं होतं, पण वळेनात. या खेपेला माझ्याआधी प्रभाकररावांना कळलं.

"विश्राम, हवालदार," ते हळूच म्हणाले.

किसनरावांच्या टाचा सुटल्या. दोन पावलं मागे सरून ते ओट्याच्या पायरीवर बसले, आणि बराच वेळ बसून राहिले.