मूठभर माकड आणि थोरलीचा कुरव

थोरलीचा जीव जळायचा, आणि ती ते लपवायचीही नाही. दोघी जावा एकाच प्राणिसंग्रहालयात कामाला. धाकटीकडे काचेची उबदार खोली आणि तिच्यात मूठभर, पांढऱ्या शेंडीचं माकड; जगातून संपत चाललेल्या जातीचं. थोरलीकडे मागच्या अंगणातले जखमी कुरव, म्हणजे धक्क्यावर मासळीसाठी भांडणारे पांढरे-करडे समुद्रपक्षी. कुणी गळ गिळलेला, कुणाचा पंख मोडलेला. धाकटी द्राक्षं सोलायची, थोरली घाण खरवडायची.

"हिच्या महाराणीला शिंक आली की डॉक्टर धावतो," ती घरी भांडी आपटायची. "माझा पक्षी मेला तर म्हणतात, धक्क्यावर ढिगाने आहेत."

"अगं, ते माकड दुर्मिळ आहे," नवरा म्हणायचा.

"मीही दुर्मिळच आहे. दुसरी दाखवा बघू!"

तिला ती खोली हवी होती. लोकांनी काचेला नाक लावून आपल्याकडे बघावं, एवढंच. साहेबांच्या कानावरही तिने घालून ठेवलं होतं.

आणि एके सकाळी साहेबांनीच सांगितलं, माकडाला दूरच्या संग्रहालयात जोडीदार मिळाला. जात टिकवायची तर पाठवायलाच हवं, आणि ते परत येणार नाही. धाकटीने पेटीत स्वतःचा जुना स्वेटर अंथरला. गाडी गेली. थोरलीला बरं वाटलं, अगदी मनापासून. बरी जिरली, असंही ती मनात म्हणाली.

दुपारी धाकटी सुजल्या डोळ्यांनी मागच्या अंगणात येऊन बसली. तेवढ्यात भिंतीवर एक लंगडा कुरव उतरला. थोरलीनेच बरा करून सोडलेला, तरी रोज जेवणाच्या वेळेला हजर. "आला मेला," म्हणत तिने मासा धरला. त्याने हातातून घेतला.

"ताई, हा आपणहून येतो?"

"हाकलला तरी जात नाही."

"आणि याला कुणी नेणार नाही?"

"याला कोण नेतंय!"

"मी देऊ एक?"

धाकटीने मासा पुढे केला. पक्षी मागे सरकला आणि थोरलीकडे बघू लागला. धाकटीचा चेहरा पडला. तो चेहरा थोरलीच्या ओळखीचा होता. माकडाच्या खोलीबाहेर उभी असताना काचेत तिला तोच दिसायचा.

"मी इथे आहे तोवर तो घ्यायचा नाही," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

पण दाराआडून बघत राहिली. घेऊ नको रे, घेऊ नको, असं मनात चाललं होतं.

त्याने घेतला. धाकटी दिवसभरात पहिल्यांदा हसली, आणि थोरलीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.