डॉक्टरांना न सांगितलेलं

इकडं कन्नड मुलखात, मुलींच्या निरीक्षणगृहात मी आठवड्यातून तीन दिवस शिवण शिकवते. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन पोरी तिथं ठेवतात. नवनगरहून बस पकडून जायचं, आठ मशिनी, त्यातल्या पाच चालू, आणि कात्री मोजून घ्यायची, मोजून परत द्यायची. माझं तोंड फटकळ. तरी पोरी माझ्यापाशीच येऊन बसतात, का कोण जाणे.

मागच्या वर्षी अळणावरकडची एक आली, सोळा वर्षांची. बोअरवर पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यात हिनं दगड घातला होता. कन्नड फाडफाड यायचं तिला, पण घाबरली की निव्वळ मराठी. पंधरवड्यानं येणारे मनाचे डॉक्टर म्हैसूरकडचे, त्यांना मराठी ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून दुभाषी म्हणून मला बसवायचं ठरलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी काजं करता करता ती मला म्हणाली, "बाई, भिंतीत कोणतरी बोलतंय. दगड त्यानंच घालायला लावला."

त्याच दुपारी तिची आई भेटायला आली. थोरलीचा साखरपुडा ठरलेला. तिनं माझे पायच धरले. "अक्का, काय पण लिहू द्या, येडी तेवढं नको. हुच्चीची, येडीची भैन म्हटल्यावर थोरलीला कोण करून घेईल?"

मला ते पटलं, हीच तर लाज! आमच्यात तरी वेगळं काय? मला बघायला पाहुणे आले तेव्हा डोक्यानं अधू असलेल्या सख्ख्या काकाला आम्ही दोन दिवस बेळगावला धाडला होता. मीच त्याची पिशवी भरली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आवाज ऐकू येतात का? पोरीनं माझा हात धरून सगळं सांगितलं. मी कन्नडमध्ये म्हणाले, घाबरलीय, घरची आठवण येते. त्यांनी तेवढंच लिहिलं. वर बाहेर आल्यावर मी तिलाच शहाणपण शिकवलं, "असलं बोललीस तर इथंच कुजशील. झोप येते, जेवते, एवढंच सांगायचं."

तिला घरी सोडलं. थोरलीचं लग्न झालं. सहा महिन्यांत पोर परत आली. चुलत्याच्या गवताच्या गंजीला तिनं आग लावली होती. केसांच्या जटा झालेल्या, दोन्ही कान तळहातांनी दाबून धरलेले. देवा रे, हे मी केलं होतं.

या खेपेला मी डॉक्टरांना दारातच गाठून सगळं ओकून टाकलं. मी खोटं बोलले, हिला आवाज येतात, हिला औषध द्या. ते भडकले, भडकणारच. म्हणाले, आता मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.

ती समोर ताठ बसली, हात मांडीखाली दाबून. माझी गरजच लागू दिली नाही. "एन इल्ल री. निद्दी चलो बरतद री." काही नाही हो, झोप छान येते. चारदा विचारलं, चारदा तेच. "अहो, तिचे हात बघा तरी!" मी ओरडले. मला गप्प बसवलं गेलं. त्यांनी ‘लक्ष ठेवावे’ लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

बाहेर येताच तिचे हात पुन्हा कानांवर गेले. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यासारखी ती मोठ्यानं, मराठीत म्हणाली, "बाई, बरोबर बोलले ना मी? आता सोडतील ना?"