सकाळच्या सरळ रेघा

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलं की दिसतं कमी आणि ऐकू येतं जास्त. बाहुली मोठी करायचे थेंब टाकलेले, पेपर वाचता येत नाही. मग किस्सेच साठतात. त्यातले खरे किती आणि माझ्या आठवणीने रचलेले किती, याची खात्री मी देणार नाही.

जयपूरच्या त्या बाकावर आम्हा सगळ्यांचा आजार एकच. डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवतात. हाताच्या शिरेतून औषध देऊन डोळ्यात प्रकाश सोडला की त्या बंद होतात. पुन्हा उगवूही शकतात. माझा डावा डोळा आधीच गेलेला, उपचार उजव्यावर.

*

त्या औषधाने ऊन लागताच कातडी भाजते, म्हणून उपचारानंतर पाच दिवस उन्हात जायचं नाही. खातीपुऱ्याचे राठोडजी, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, भर मे महिन्यात ओव्हरकोट, हातमोजे, तोंडावर साफा गुंडाळून मुलाच्या स्कूटरवर बसले. चौकात हवालदाराने अडवलं.

"धूप से बच रहा हूँ, भैया!"

"जयपुर में?"

*

बगरूच्या रामजीलालजींचा जन्म कापडावर ठसे मारण्यात गेला. एक दिवस ते मुलावर ओरडले, "किनारी टेढ़ी है!" त्याने तीनदा नवी छापून दाखवली. चौथ्या वेळी त्याने कापड नाही, बापालाच डॉक्टरांपुढे आणून ठेवलं!

*

मी आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. एकदा भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. नर्स म्हणाली, "सर, लाइट तो जलाने दीजिए!"

तेव्हापासून मला दिसतं की आठवतं, हेच कळेना.

*

डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला होता. रोज सकाळी बघायचा. सरळ रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी यायचं. माझा स्वतःवर भरवसा नाही, म्हणून मी बायकोलाही तो दाखवायचो. ती रोज म्हणायची, "सरळ."

एका सकाळी मधली रेघ वाकली. तिला विचारलं. "सरळच आहे." मग चूक माझीच असणार. असे तीन आठवडे गेले, मग दोघं दवाखान्यात गेलो.

डॉक्टर म्हणाले, "बीमारी वापस आ गई है, सर. आप रुके क्यों?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. "हिला सरळ दिसत होती!"

"अहो, सकाळी माझ्या डोळ्यांवर चष्मा कुठे असतो? मला तर रेघाच दिसत नाहीत. तुमचा चेहरा बघून सरळ म्हणायचे!"