पाकूचा दुसरा अर्ज

पाकू व्हांग लग्न होऊन थाओंच्या घरात आली तेव्हा तिची शाळा नुकतीच संपली होती. आडनाव तिनं आग्नेय आशियातून इथे येऊन वसलेल्या आमच्या लोकांतल्या सगळ्या बायकांसारखं माहेरचंच ठेवलं, बाकी सगळं थाओंचं झालं. अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहराच्या दक्षिणेला, घरं विरळ होऊन शेतं सुरू होतात तिथे थाओंची खंडाची जमीन होती. तीत स्ट्रॉबेरी, लांब वांगी, कारली, चवळीच्या शेंगा आणि बांधाला गवती चहा. सासरे फार आधीच गेलेले. सासूबाई युआ एकहाती घर आणि शेत दोन्ही चालवायच्या. त्या बोलायच्या कमी. सुनेचं काही चुकलं तर नुसत्या तिच्या हातातली टोपली काढून घ्यायच्या आणि ते काम स्वतः करायला लागायच्या. पाकूला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

पाकूही तशी घुमीच होती. कुणी काही विचारलं की थोडा वेळ गप्प राहायची आणि मग उत्तर द्यायची. जाऊबाई माई देर म्हणायची, "हिला आज विचारून ठेवायचं, उद्या उत्तर घ्यायला यायचं." पण बाजारात स्टॉलवर उभी राहिली की तिचं डोकं सतत चालू असायचं. आमच्या लोकांपैकी प्रत्येक जण आपापली व्हॅन भरून वेगवेगळ्या बाजारात जातो, एकाच दिवशी सगळ्यांची वांगी येतात, भाव कोसळतो, आणि उरलेला माल दलाल म्हणेल त्या भावाला जातो, हे ती वर्षानुवर्षं बघत होती. सगळे मिळून का विकत नाहीत, असं तिनं एकदा नवऱ्याला, कोंगला, विचारलं. कोंग म्हणाला, "मिळून विकायचं तर आधी मिळून बसावं लागेल. आपले लोक मिळून बसतात ते फक्त मयताला आणि लग्नाला."

मुलगी नू शाळेत जायला लागली त्या वर्षी पाकूनं शहरातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. सकाळचे वर्ग, दुपारी शेत. सासूबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हिशोब शिकतेय, घराच्या उपयोगी पडेल, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

तिथे तिला तोरोसियनबाई भेटल्या. दोन वर्षं इथे शिकून पुढे विद्यापीठात जाणाऱ्या मुलांना वाट दाखवायची, हे त्यांचं काम. बाई आर्मेनियन, पिढ्यान्‌पिढ्या फ्रेस्नोच्या, आवाज जाड. टेबलावर कायम सुक्या जर्दाळूंची वाटी, आणि आलेल्यानं एक तरी उचलल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. त्यांनी पाकूचे गुण पाहिले आणि विचारलं, पुढे कुठे जायचंय. पाकूनं एक जर्दाळू उचलला. मग म्हणाली, भाव कोण ठरवतं ते जिथे शिकवतात तिथे.

"मग खाडीकाठचं मोठं विद्यापीठ," बाई म्हणाल्या. "त्यांचा बिझनेसचा अभ्यासक्रम. शंभर अर्ज आले तर मूठभर घेतात. तुला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला शिव्या देऊ नकोस."

पहिल्या वर्षी पाकूनं अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. कारण तिला ठाऊक होतं. स्ट्रॉबेरीच्या ऐन हंगामात शेतात माणूस कमी पडलं म्हणून तिनं कॅल्क्युलसचा वर्ग अर्ध्यात सोडला होता, आणि तो विषय पुरा असल्याशिवाय ते विद्यापीठ दारातही उभं करत नाही. फ्रेस्नोतल्याच विद्यापीठानं मात्र तिला आनंदानं बोलावलं होतं. तिथे गेली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. बाईही म्हणाल्या, तेही चांगलंच आहे, घराजवळ आहे, विचार कर.

तिनं आठवडाभर विचार केला. मग कोंगला म्हणाली, मी अजून एक वर्ष इथेच थांबते, कॅल्क्युलस पुरं करते आणि परत अर्ज करते. कोंग पॅकिंग कारखान्यात गाडी चालवून दमून आला होता. तो म्हणाला, "मला काही अडचण नाही. पण आईला तू सांग. मला जेवायचंय अजून."

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि कोथिंबीर निवडत राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "लोक कॉलेज संपवतात. तुझं वाढतच चाललंय." माई देर तिला सगळ्यांसमोर "आमच्या मोठ्या मॅडम" म्हणायला लागली. पाकू हसायची, पण त्या वर्षी तिचं वजन उतरलं आणि जेवताना ती दुसरीकडेच कुठेतरी बघत असायची.

हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात धुकं दाटलं, आणि त्याच दिवसांत विद्यापीठाचा निरोप आला: दुसऱ्या अर्जातून तिचं नाव पुढे गेलंय, आता मुलाखत होईल, फोनवरच, समोरासमोर चेहरा दिसेल अशी. शनिवारची सकाळ ठरली. पाकूनं ते फक्त कोंगला सांगितलं.

त्याच आठवड्यात कोंगचे थोरले काका वारले.

आमच्याकडचं मयत म्हणजे शुक्रवारी सुरू होतं आणि सोमवारी माती दिली की संपतं. तोवर मयतासाठी घेतलेल्या हॉलमध्ये ढोल आणि केंग, म्हणजे बांबूच्या नळ्यांचा पावा, वाजत राहतात, माणसांची रीघ लागते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला जेवायला घालावं लागतं. पुरुष मागच्या अंगणात मांस कापतात, रस्सा शिजवतात. घरच्या सुना भात वाफवतात, भाज्या चिरतात, भांडी घासतात. सून स्वयंपाकघरात दिसली नाही तर ते गावभर होतं, आणि तिच्या सासूची मान खाली जाते. तिथे कुणाला मुलाखत सांगायची सोय नव्हती.

शुक्रवारी पाकूनं दिवसभर तांदूळ धुतले आणि मनातून मुलाखत सोडून दिली. कोंगला बाजूला घेऊन म्हणालीसुद्धा, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. कोंग लाकडं आणायला मागे गेला. पण शनिवारी सकाळी मुळ्याचा पाला चिरता चिरता तिच्या मनात आलं, आपण कुणाला विचारलंच कुठेय. मागच्या वर्षी वर्ग सोडला तोही न विचारता. कुणी सोड म्हणालं नव्हतं. आपणच गप्प बसून ठरवून टाकलं होतं.

तिनं सुरी खाली ठेवली. भोवती दहा-बारा बायका होत्या, त्यांत माई देर, आणि मोठ्या पातेल्यापाशी सासूबाई. पाकू उभी राहून म्हणाली, "आई, मला आत्ता थोडा वेळ बाहेर जायचंय. विद्यापीठाची मुलाखत आहे. आज झाली नाही तर परत होणार नाही. झाली की मी येते आणि रात्रीची सगळी भांडी मी घासते."

सगळ्यांचे हात थांबले. तिनं एका दमात एवढं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. माई देरनं सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "आत्ता सांगतेस होय? मला वाटलं, तुझ्या तोंडून निघणारच नाही आता." मग माई देरकडे वळून, "तिचा मुळा तू घे." आणि पुन्हा पाकूकडे, "एप्रन काढून जा. अंगाला वास येतोय."

कोंगनं आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या पाकू विचारते का, याची वाट बघत होत्या.

हॉलच्या मागे भाजीची व्हॅन उभी होती. पाकू मागच्या सीटवर रिकाम्या क्रेटला टेकून बसली आणि फोन समोर धरला. पलीकडे कुरळ्या पांढऱ्या केसांची एक बाई होती. पहिले प्रश्न नेहमीचे, आणि पाकू प्रत्येक उत्तराआधी इतका वेळ गप्प राहायची की बाईनं दोनदा विचारलं, माझा आवाज येतोय ना. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, मागे ढोल वाजतोय का?

पाकूनं सांगितलं की नवऱ्याचे काका वारलेत, ती मयतातून उठून आली आहे, आणि हे झालं की भाजी चिरायला परत जायचं आहे. बाई म्हणाल्या, आपण दुसरा दिवस ठरवू शकतो, काही हरकत नाही. पाकू म्हणाली, नको, आता आलेय तर बोलते. आणि मग खरंच बोलली. आत हॉलमध्ये चारशे माणसं जेवणार आहेत, कुणी कुणाला पगार देत नाही, तरी काय कमी पडलं ते बरोबर कळतं आणि येतं. हीच माणसं सोमवारनंतर एकेकटी व्हॅन घेऊन बाजारात जातील आणि एकमेकांचा भाव पाडतील. मयताला जमतं ते बाजाराला का जमत नाही, ते मला शिकायचंय. बाईंनी त्यावर बरंच विचारलं. काही प्रश्नांची उत्तरं पाकूला आली नाहीत आणि तिनं तसं सांगितलं.

ती परत आत गेली तेव्हा माई देरनं मुळा संपवला होता. तिनं विचारलं, कसं झालं. पाकू म्हणाली, माहीत नाही. रात्री भांडी घासायला मात्र माई देर न बोलावता येऊन उभी राहिली.

उत्तर वसंतात आलं. कोंगनं स्टॉल मांडून दिला होता, पाकू पहिल्या स्ट्रॉबेरी रचत होती, आणि फोन वाजला म्हणून तिनं सहज पाहिलं. प्रवेश मिळाला होता. एकच अट होती, की चालू असलेला कॅल्क्युलसचा दुसरा भाग चांगल्या गुणांनी सुटला पाहिजे. तिनं फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला दोन खोकी स्ट्रॉबेरी दिली. तो गेल्यावर खुर्चीत बसली. कोंग म्हणाला, काय झालं, चक्कर येतेय का. तिनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचलं आणि शेजारच्या स्टॉलवाल्याला सांगायला गेला, तो बराच वेळ परत आलाच नाही.

पण परीक्षा पुन्हा स्ट्रॉबेरीच्या ऐन हंगामात होती. या वेळी पाकूनं मनात ठेवलं नाही. सासूबाईंना म्हणाली, परीक्षा होईपर्यंत मी तोडणीला येऊ शकणार नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या ओळी मी घेते. तशीही तू कच्ची तोडतेस."

परीक्षेत एक गणित तिला आलंच नाही. निकाल लागला तो दुपारी, तिनं अंगणात झाडाच्या सावलीत बसून वाचला. सुटली होती, हवे होते त्याहून थोडे जास्तच गुण होते. आनंदानं नाचावं असं तिला काही वाटलं नाही. खांद्यावरचं कसलं तरी ओझं कुणी मागून हळूच उचलून घेतल्यासारखं झालं, आणि सडकून भूक लागली. ती आत जाऊन उभ्या उभ्या चिकट भात आणि मिरचीचा ठेचा खात राहिली. नू शाळेतून आली तेव्हा आई हातानं भांडं निपटून खात होती.

तोरोसियनबाईंना सांगायला गेली तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली, स्वतःही एक जर्दाळू घेतला आणि खिडकीकडे बघत तो बराच वेळ चघळला. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू फ्रेस्नोतच राहशील. बरं झालं, माझं ऐकलं नाहीस." आणि रुमालानं चष्मा पुसू लागल्या.

त्या रविवारी सासूबाईंनी जीव बोलावण्याचा विधी केला. त्यांचं म्हणणं, सुनेचा जीव दोन वर्षं घाबरून कुठेतरी वाटेवर बसलाय, घरात नाहीये, तेव्हा परगावी पाठवण्याआधी त्याला घरी आणलं पाहिजे. दारात कोंबडी, अंडं आणि तांदूळ ठेवून कोंगच्या म्हाताऱ्या मामांनी हाका मारल्या. मग सगळ्यांनी पाकूच्या मनगटांवर पांढरे दोरे बांधले. माई देरनं दोरा बांधताना कानात सांगितलं, भाव कळला की आधी मला सांग, बाकीच्यांना नंतर. पाकू इतकी हसली की मामांनी दटावलं.

ऑगस्टमध्ये ती गेली. शनिवारी थाओंची व्हॅन तसाही खाडीकाठच्या बाजारात माल घेऊन जाते. पाकू सकाळी तिथे चालत येते, दिवसभर स्टॉलवर उभी राहते, संध्याकाळी त्याच व्हॅननं घरी येते, रविवार नूसोबत काढते आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत. अभ्यास अवघड आहे, वर्गातली मुलं झपाझप बोलतात, ती अजूनही उशिरा उत्तर देते. एका प्राध्यापकानं तिला सांगितलंय, सावकाश बोला, आम्ही थांबतो. सासूबाई बाजारात गिऱ्हाईकांना आमच्या भाषेतच सांगतात की सून इथल्या मोठ्या विद्यापीठात आहे. गिऱ्हाईकांना काही कळत नाही, ती मान डोलावतात आणि वांगी घेऊन जातात.