विलायती की जपानी

कुर्ल्यातलं गॅरेज बंद करून बाबांना सहा वर्षं झाली, तरी मुलुंडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं त्यांच्यावाचून अडतंच. या गृहस्थांना जुन्या गाड्यांचा भारी नाद. आता त्यांची सोसायटी पाडून नवी व्हायची आहे आणि नव्या इमारतीत जागा एकाच गाडीची. दारात मात्र दोन, एक विलायती स्पोर्ट्स कूपे आणि एक जपानी. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली. एक ठेवायची, दुसरी विकून टाकायची, आणि कुठली ते बाबांनी सांगायचं.

माझा हक्काचा रविवार त्यात गेला. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण विलायती बघून मीसुद्धा थबकले. लांब नाक, आत लाकडी डॅशबोर्ड. जपानी तिच्यापुढे बुटकी, पण बांधा कसा घट्ट.

"विलायती म्हणजे जावई," बाबा म्हणाले. "कितीही मान द्या, रुसणारच. जपानी म्हणजे घरची सून. मुकाट्याने राबते."

आईने हे ऐकलं असतं तर त्या दुपारी त्यांना जेवण मिळालं नसतं.

बाबांनी दोन्ही गाड्यांच्या दारांखालचा पत्रा नखाने टोकरून पाहिला. विलायतीला गंज जास्त होता. पण त्यांचा खरा निकाल कानाचा. चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय झिजलंय ते त्यांना तसं ऐकू येतं. "टॅपेट वाजतायत, झिजलेत," विलायतीबद्दल ते म्हणाले.

मग जपानी सुरू केली. बाबांनी डोळे मिटले आणि तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. गोंगाटात बोलता येईना, म्हणून त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि बोलत बोलत ते गेटपाशी गेले. बाबा तसेच वाकलेले, बंद इंजिनाला कान लावून.

घरी टीव्हीच्या आवाजावरून मी त्यांच्याशी किती भांडले होते. मुद्दाम करतात, असंच मला वाटायचं. माझीच मला लाज वाटली.

मालक परत आले तेव्हा बाबा ताठ उभे होते. "हीच ठेवा. काय शांत चालते!"

"झालं तर मग," मालक खूश होऊन म्हणाले. "विलायतीला गिऱ्हाईक तयारच आहे. उद्याच देऊन टाकतो."

चारचौघांत बापाची शोभा करायची हिंमत माझ्यात नव्हती.

रिक्षात बाबा बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"काय गो, बंद होती मां ती?"

"हो," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. मग मी ओरडले, "हो, बंद होती!" रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

"निघताना तिच्या बॉनेटवर हात टेकला, थरथर लागेना, तेव्हा समजलं मला. पण शब्द तोंडातून गेला होता." मग ते म्हणाले, "त्यांना फोन लाव. उद्या गाडी जाईल त्यांची. मला फोनवर ऐकू येत नाही, तूच बोल. सांग, मिस्त्री बहिरा झालाय, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

"बाबा, मी दुसरं काहीतरी सांगते ना."

"मी म्हटलं तेच सांग."

मी फोन लावला. तिकडून हॅलो आलं, आणि मी तेच सांगतेय की नाही हे बघायला बाबा माझ्या ओठांवर नजर लावून बसले.