बोटीवरच्या बाकावर यांच्याजवळ कोण बसलं होतं?

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबू कापून त्यातून रक्त काढणारे बाबा असतात ना, त्यांची ती युक्ती मी दरवर्षी सातवीच्या पोरांना वर्गात करून दाखवायचे. पोरं आधी घाबरायची, मग पोट धरून हसायची. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी आपलं दार लावून घ्यायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय. पण घडलं ते माझ्यासमोर घडलं... म्हणजे निम्मं माझ्यासमोर आणि निम्मं कॅमेऱ्यासमोर.

आम्ही बीडचे. माझं माहेर कडा. आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर गेली. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग घराचा रस्ता. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. सगळं पुसट होत चाललं होतं, पण ड्युटी काही डोक्यातून गेली नाही. सकाळी उठले की विचारायचे, "कुंदा, गाडी कधी लागायची?" दिवसभर तेच.

आमची मुलगी मनीषा जर्मनीत असते. ती म्हणाली, "आई, अण्णा मला ओळखतात तोवर एकदा सोबत फिरू." तिनं क्रूझ ठरवली. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला आणि तिथून पुढे बर्फाच्या बेटांपर्यंत. मी नको नको म्हणत होते. यांना अनोळखी जागी फार त्रास होतो. पण लेकीचा चेहरा बघून गेले.

त्या दिवशी बोट कुठेच थांबणार नव्हती. नॉर्वेचा किनारा मागे राहिला होता आणि बेटं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. चहूकडे करडं पाणी, त्यावर करडं धुकं. उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे यांची झोप पार बिघडलेली. त्यात धुक्यामुळे बोट दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवत होती. भोंगा वाजला की हे उठून उभे राहायचे.

"लागली वाटतं गाडी."

नाश्ता करून आम्ही केबिनमध्ये आलो. मनीषा कॉफी आणायला गेली होती. पुन्हा भोंगा, पुन्हा हे उभे. दहाव्यांदा असेल. आणि माझा तोल गेला.

"कुठली गाडी? रिटायर होऊन बारा वर्षं झाली तुम्हाला! समुद्र आहे हा, समुद्र! आता गप बसा जरा!"

हे गप बसले. रागावलेल्या पोरासारखे नाही, चूक झालेल्या माणसासारखे. ते मला बघवलं नाही. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. पाच मिनिटं... फार तर सात.

बाहेर आले तर केबिनचं दार उघडं. यांचं जाकीट खुंटीला तसंच. बूटही तिथंच.

पुढची चाळीस मिनिटं कशी गेली ते मी सांगू शकत नाही. मनीषा एका बाजूला पळाली, बोटीवरची माणसं दुसऱ्या बाजूला. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "अंगात काय होतं?" मी सांगितलं, साधा शर्ट आणि बिनबाह्यांचा स्वेटर, पायात सपाता. त्यानं मान हलवली आणि रेडिओवर हळू आवाजात काहीतरी बोलला. बाहेर दोन डिग्री होतं. त्या आवाजावरून मला कळलं की ही माणसं आता पाण्याकडेही बघायला लागली आहेत.

हे सापडले बोटीच्या मागच्या अंगाला, उघड्या डेकवर. एका लाकडी बाकावर बसले होते, डावीकडे तोंड करून, मजेत गप्पा मारत. बाकावर दुसरं कोणी नव्हतं.

मी धावत गेले.

"कावून पळत आलीस गं?" हे म्हणाले. "अजून लागायचीय गाडी."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. उजवा हात बर्फ झाला होता, बोटं निळसर. आणि डावा... डावा गरम होता. नुसता बरा नाही, चुलीपाशी बसलेल्या माणसाचा असतो तसा ऊबदार.

"कुणाशी बोलत होतात?"

"आत्ता तर व्हता की इथं! लिंबागणेशचा माणूस. लई भला हाय." लिंबागणेश म्हणजे आमच्या बीडजवळचं गाव. आमच्याकडचे जुने प्रवासी कंडक्टरला मास्तर म्हणायचे. हेही त्याच सुरात सांगायला लागले, "म्हणला, मास्तर, धुकं लई हाय, गाडीला उशीर हाय. उठू नका. म्या हाय ना सोबत."

"नाव काय त्याचं?"

हे माझ्याकडे बघून हसले. "वळखीच्या माणसाला नाव विचारतेत का कुणी?"

बोटीवरच्या डॉक्टरनं तपासलं. इतका वेळ त्या कपड्यांत बाहेर राहून अंगाचं तापमान इतकं चांगलं कसं, याचंच त्याला नवल. दोन्ही हात त्यानं तीन-तीनदा धरून बघितले. यांनी एकाच हातात मोजा घातला होता का, असं विचारलं. मोजे केबिनमध्ये होते, दोन्ही.

मनीषानं चौकशी केली. प्रवाशांत आमच्याशिवाय भारतीय म्हणजे लंडनचं एक गुजराती जोडपं, ते त्या वेळी जेवणाच्या हॉलमध्ये होतं. स्वयंपाकघरात गोव्याचे दोघे होते, ते सकाळपासून वर आलेच नव्हते. लिंबागणेश हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

दुपारी तिनं हट्टच धरला, तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यानं कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. पडद्यावर हे सपाता ओढत डेकवर येताना दिसले. एकटेच. भोंगा वाजला असावा, कारण हे एकदम कठड्याकडे वळले. कठड्याला आडव्या दांड्या होत्या. यांनी उजव्या हातानं वरची दांडी पकडली आणि खालच्या दांडीवर पाय ठेवला. एस.टी.च्या पायरीवर ठेवतात तस्साच. दुसरा पायही उचलला...

मनीषानं माझा दंड घट्ट धरला.

आणि यांचा डावा हात मागे गेला. स्वतःहून नेल्यासारखा नाही. आधी मनगट मागे गेलं, मग कोपर, मग खांदा. हे मान वळवून मागे बघायला लागले आणि ओळखीचं हसले. दोन्ही पाय खाली आले. हे बाकाकडे चालत गेले, डावा हात जरासा पुढे धरून. बसले. पुढचा सगळा वेळ तो हात बाकावर तसाच, तळवा वर केलेला.

अधिकाऱ्यानं तेवढाच तुकडा तीन वेळा लावला. मग त्यानं मनीषाला हळूच विचारलं, "यांना मागे कोण ओढतंय?"

जणू आम्हालाच माहीत असणार.

परत आल्यापासून मनीषा म्हणते, अण्णांचं मन ऐनवेळी स्वतःच फिरलं असेल. लिंबागणेशचे शेकडो प्रवासी त्यांनी नेले-आणले, त्यांतला एखादा त्यांच्या डोक्यानं उभा केला असेल. मलाही हे पटतं. वर्गात कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण डोक्यानं उभा केलेला माणूस हात गरम ठेवतो का? आणि एकच हात?

आता हे बरेचदा मलाही ओळखत नाहीत. "बाई, तुमी कुठल्या?" असं विचारतात. मी कडा सांगते आणि शेजारी बसते. चुका काढायचं मी त्या दिवसापासून सोडून दिलंय. गाडीचं विचारलं की उशीर आहे म्हणते. मग हे शांत होतात, माझ्याशी परक्या पण भल्या बाईशी बोलावं तसं पावसापाण्याचं बोलतात.

त्या बाकावर कोण होतं, मला माहीत नाही. देव, भूत, यांतलं काहीच म्हणायची माझी तयारी नाही, आणि भास म्हणायला तो हात मला अडवतो. मी आत होते. मी त्यांना गप बसवलं होतं. त्या वेळी बाहेर कुणीतरी यांचं ऐकून घेत होतं. त्यापलीकडे आजही मला काही सांगता येत नाही.